घोन्सालविस सरांची गोणी

घोन्सालविस सरांच्या हातात मी कात्री कधी पाहिली नाही. पार्सल आलं की ते टेबलावर समोर ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि सुतळीची गाठ नखानं उकलत बसायचे. गाठ कितीही चिवट असो. आम्हाला आत काय आलंय ते बघायची घाई, आणि सर आपले सुतळी अंगठा नि करंगळीभोवती गुंडाळताहेत. मग कागदाची पाळी. तो फाडायचा नाही. चिकटपट्टी ओल्या बोटानं सैल करायची, घडी उलगडायची, तळहातानं सुरकुत्या काढायच्या. एवढं सगळं झालं की आतल्या वस्तूकडे ढुंकूनही न बघता, त्या कागदाकडे बघून विचारायचे, "मग याचं पुढं काय?"

हा प्रश्न ते कशालाही विचारत. शिपायानं चहाचे प्लास्टिकचे पेले आणले की, "पुढं काय?" गणपतीत कुणी थर्माकोलचं मखर केल्याचं कौतुकानं सांगितलं की, "छान. पुढं काय?" एकदा एका लग्नाच्या जाडजूड, सोनेरी, आत मेण लावलेल्या पत्रिकेबद्दल त्यांनी नवऱ्या मुलाच्या बापालाच हे विचारलं. बापाला वाटलं सर संसाराबद्दल विचारताहेत. तो म्हणाला, "पुढं काय, देवाची कृपा." सर म्हणाले, "देव पत्रिका परत घेत नाही हो." कंपनीत त्यांचं नावच 'पुढंकाय सर' पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

आमची कंपनी मुंबईच्या उत्तरेला, सातिवलीला होती. स्टीलचे चमचे, गाळण्या, झारे, किटल्या. निम्म्याहून जास्त माल जर्मनीला जायचा. मी नव्वदीच्या सुरुवातीला तिथं टायपिंगला लागले, कारण आम्ही एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला होता आणि नवऱ्यानं मुंबई धरल्यावर घरातल्या एकानं तरी जवळ असावं असं ठरलं. वरच्या मजल्यावर दोन टेबलं, एक फॅक्स मशीन, एक कपाट. एक टेबल माझं, एक सरांचं. कागदोपत्री ते एक्स्पोर्ट मॅनेजर होते. प्रत्यक्षात फॅक्सला उत्तर देण्यापासून खोक्याला पट्टी मारण्यापर्यंत सगळं तेच बघत.

ते जवळच्याच नंदाखाल गावचे. घरची केळीची वाडी, जुनी स्कूटर, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. जेवायच्या आधी डोळे मिटून, क्रूस करून प्रार्थना म्हणायचे, आणि 'आमेन' झालं रे झालं की माझ्या डब्याकडे बघून, "आज मालवणनं काय पाठवलंय?" घरी फोन लावला की ते आपल्या बोलीत सुरू व्हायचे. मी मालवणी मुलखातली, बोलीच्या बाबतीत मला कुणी हरवू शकणार नाही अशी माझी समजूत. पण सरांचं बायकोशी बोलणं मला एक अक्षर कळायचं नाही. फोन ठेवला की पुन्हा शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी. मी म्हटलं, "सर, हे दोन नळ कसे ठेवलेत?" तर म्हणाले, "एक विहिरीचा, एक नगरपालिकेचा. प्यायचं विहिरीचं."

तर, एक दिवस एक फॅक्स आला. जर्मनीच्या गिऱ्हाइकानं कळवलं होतं की त्यांच्या देशात आता कायदा झालाय. जो माल बाजारात आणतो, त्याच्या वेष्टणाची जबाबदारीही त्याचीच. खोकं, पिशवी, थर्माकोल, जे काही मालाबरोबर येईल, ते वापरून झाल्यावर परत घ्यायचं, नाहीतर ते गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची व्यवस्था करायची आणि तिचा खर्च सोसायचा. गिऱ्हाईक हा भार आमच्यावर ढकलणार होतं, म्हणून अटी घातल्या होत्या: वेष्टण कमी करा, प्लास्टिक टाळा, पिना नकोत, खोक्यावर ठरावीक चिन्ह छापा.

मालकांनी कपाळाला हात लावला. "हे काय नवीन लचांड? माल विकला, पैसे मिळाले, विषय संपला. त्यांच्या घरातला कचरा आपण काढायचा?"

सर मात्र सोनं सापडल्यासारखे त्या फॅक्सकडे बघत होते. मला म्हणाले, "सावंतबाई, तुम्ही परवा मला करंज्यांचा डबा दिलात. मी तो ठेवून घेतला काय?"

"नाही. परत दिलात."

"रिकामा दिला?"

दिला नव्हता. डब्यात सुकेळी घालून आणली होती, घरी उन्हात वाळवलेली केळी, केळीच्या सुक्या पानात गुंडाळून खोडाच्या सोपटाच्या दोरीनं बांधलेली. वर बजावलं होतं, "खाऊन झालं की पान कुंडीत टाका, दोरीसकट. मातीत जाईल."

"मग झालं," सर म्हणाले. "भांडं ठेवून घ्यायचं नाही आणि रिकामं पाठवायचं नाही. आपल्या आया हेच करत आल्या. या लोकांनी त्याचा कायदा केला. अक्कल आहे."

मला वाटतं चूक तिथंच झाली. कायदा म्हणजे कायदा असतो; सर त्याला शेजारधर्म समजले. आणि एकदा एखादी गोष्ट पटली की हा माणूस ती अंगाला लावून घ्यायचा.

पुढचं वर्षभर पॅकिंग खात्यात दुसरा विषय नव्हता. तिथं रंजना नावाची एक फटकळ बाई मुख्य होती. सर तिच्याशी तासन्‌तास हुज्जत घालायचे. "प्रत्येक चमच्याला वेगळी पिशवी कशाला? चमचा काय पावसात भिजणार आहे?" रंजना म्हणायची, "एकमेकांवर घासून चरे पडतील, मग बोलू नका." मग दोघं मिळून डोकं लढवायची. शेवटी असं ठरलं की जाड कागदाची एकच लांब पट्टी नागमोडी दुमडायची, सहा चमचे सहा घड्यांत, एकाला दुसरा शिवत नाही, पिशवी नाही, पीन नाही. सरांनी खोकं दोनदा जिन्यावरून खाली लोटून दिलं. एक चरा नाही. रंजना म्हणाली, "आता स्वतः उडी मारून बघा." सर इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

त्याच पावसाळ्यात जनाबाय आली.

कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून भातशेती होती. त्यातला एक तुकडा जनाबायचा. छत्री मिटून ती थेट वरच्या मजल्यावर आली, चिखलाच्या पायांनी, आणि कुणाला भेटायचं हे न कळून सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. "सायब, आमचं पानी जात नाय. सगलं तुंबलंय. रोप कुजलं. तुमचा तो पांढरा भुसा बांधाखालच्या मोरीत जाऊन बसलाय."

पांढरा भुसा म्हणजे थर्माकोल. आमच्याकडून जाणाऱ्या मालाचं वेष्टण सरांनी घडीच्या कागदाचं केलं होतं. पण आमच्याकडे येणाऱ्या मालाचं काय? किटल्यांच्या मुठी थर्माकोलमध्ये यायच्या, पत्रे प्लास्टिकमध्ये. ते सगळं खात्यातून गोळा होऊन मागच्या भिंतीवरून पलीकडे जायचं. कोण टाकायचं? सगळे. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पलीकडे खोलगट होतं, दिसत नव्हतं, पुरे होतं.

सर तिच्याबरोबर गेले. परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि हातात थर्माकोलचा एक तुकडा होता, त्यावर मुठीचा खळगा स्पष्ट. "आपलंच आहे," ते म्हणाले. "मी तिला शब्द दिलाय. आम्ही उचलू म्हणून."

मालक म्हणाले, "आम्ही म्हणजे कोण?"

"कंपनी."

"घोन्सालविस, भिंतीपलीकडचं आपलं नाही. तिथं दहा गाळेवाले टाकतात. कशावरून आपलं?"

सरांनी तो तुकडा टेबलावर ठेवला, खिशातून किटलीची मूठ काढली आणि खळग्यात बसवली. चपखल बसली. मालकांनी पंखा मोठा करायला सांगितलं आणि विषय बदलला.

जर्मनीहून पाहुणा आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. तरुण पोरगा, अतिशय नम्र, दाराशी बूट काढू का असं विचारणारा. त्यानं एक खोकं उघडायला लावलं, चमचे बाजूला ठेवले आणि नुसत्या कागदाचं वजन केलं. मग मान वर करून सरांना म्हणाला की असं काम त्यानं कुठं पाहिलं नाही. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. रंजनाला बोलावून त्यांनी ते तिला मराठीत सांगितलं. मालकांनी ढोकळा मागवला.

तिथंच थांबायला हवं होतं. पण पाहुणा हात धुवायला मागच्या बाजूला गेला आणि खिडकीतून त्याला ते दिसलं. पाणी ओसरलेलं, भाताचे खुंट, आणि त्यात पसरलेलं पांढरं. त्यानं विचारलं, हे काय?

मालक चटकन म्हणाले, "शेजारच्या कंपनीचं. आम्ही तक्रार केलीय."

"नाही," सर म्हणाले. इंग्रजीत, शांतपणे. "आमचं आहे."

सर पुढं म्हणाले की तुम्ही इतक्या अटी घालता, त्यात एक ओळ घाला. माल बनवताना इथं जो कचरा होईल, तोही बनवणाऱ्यानं उचलावा. तुमची एक ओळ आली की हे उद्या साफ होईल. तिकडे एक बाई आहे, तिचं शेत आहे. ते हे सगळं असं सांगत होते, जणू पलीकडे बसलेला पोरगा नंदाखालच्याच चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसतो.

पोरगा खरंच अवघडला. वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मिस्टर घोन्सालविस, मला समजतंय. पण हे आमच्या कायद्यात बसत नाही. आमचा कायदा आमच्या देशातल्या कचऱ्यासाठी आहे."

सर म्हणाले, "ओ." एवढंच. मग त्यांनी ढोकळ्याची बशी त्याच्यापुढं केली, कारण पाहुणा तो पाहुणा. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ उद्धट माणसं पाहिली आणि त्यांची चीडही आली. पण त्या नम्र पोराच्या त्या नम्र वाक्याची जितकी चीड आली तितकी कुणाचीच नाही. अजून येते.

दुसऱ्या दिवसापासून मालक सरांशी बोलेनासे झाले. फॅक्स माझ्या हाती यायचे आणि मी ते मालकांकडे न्यायचे, असा नवा नियम झाला. सर पॅकिंग खात्यात खाली बसू लागले. तिथंही ते सुतळी गुंडाळायचे. फरक एवढाच दिसला की संध्याकाळी त्यांच्या स्कूटरला मागं एक गोणी बांधलेली असायची. जाताना ते आधी मागच्या दारानं भिंतीपलीकडे उतरायचे, आणि फाटकातून बाहेर पडायचे तेव्हा ती फुगलेली असायची.

कंपनीत कुजबूज सुरू झाली. सर भंगार विकतात. एवढा शिकलेला माणूस, घरची वाडी, आणि भंगार विकतो. कुणी म्हणालं, पोरीचं लग्न काढलंय. मी एकदा सरळ विचारलं, "सर, गोणीत काय असतं हो?" तर म्हणाले, "शब्द." मला वाटलं टाळताहेत, म्हणून मीही टिंगल केली, "मग जड असेल." ते हसले आणि स्कूटरला किक मारली.

मालकांना निमित्त हवंच होतं. एका संध्याकाळी, पाळी सुटायच्या वेळी, वॉचमननं फाटकात स्कूटर अडवली. मालक पायऱ्यांवर उभे. शंभर माणसं घरी जायच्या घाईत, पण सगळी थांबली. "गोणी उघडा," मालक म्हणाले.

सर उतरले. गोणीचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं. वॉचमन चाकू काढायला लागला तशी सरांनी त्याचा हात बाजूला केला आणि गाठ नखानं सोडवायला बसले. सगळे बघताहेत आणि हे सावकाश गाठ सोडवताहेत. सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. मग गोणी उलटी केली. थर्माकोलचे तुकडे, चिखल लागलेले; प्लास्टिकचे फाटके कागद. दुसरं काही नाही. वाऱ्यानं दोन तुकडे घरंगळले, ते त्यांनी धावत जाऊन उचलून आणले.

रंजना मोठ्यानं म्हणाली, "अहो, कचरा नेतात ते. माल नव्हे."

मालकांना आता मागं हटता येईना. ते म्हणाले, "कचरा असो नाहीतर काही असो. कंपनीच्या आवारातलं आहे. कंपनीचा माल आहे. परवानगीशिवाय बाहेर न्यायचा म्हणजे चोरी."

सरांचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली. "कंपनीचा माल आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं ना? भिंतीपलीकडचं होतं, कंपनीचंच आहे. मग कंपनीनं गाडी पाठवून उचलावा. तोवर मी सांभाळतो."

त्यांनी सगळे तुकडे पुन्हा गोणीत भरले. एकेक. कुणी मदतीला पुढं झालं नाही आणि कुणी अडवलंही नाही. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यांच्या जागी घेतलेला माणूस चुणचुणीत होता, कात्री वापरायचा.

नोकरी गेली तरी स्कूटर मात्र येत राहिली. भिंतीपलीकडे, शेताच्या बाजूनं. खिडकीतून मला दिसायचं: सर वाकून वेचताहेत, बांधावर जनाबाय उभी. आतून भिंतीवरून रोजचा माल पडतच होता. ते दोन पावसाळे चाललं. मग जनाबायनं शेत विकलं. भराव टाकून तिथं गाळे उभे राहिले. ज्या पाण्याला वाट हवी होती ते पाणीच बुजलं आणि सर यायचे थांबले.

त्याच सुमारास जर्मनीहून आमच्या कंपनीला मानपत्र आलं. जबाबदार वेष्टणाबद्दल. काचेच्या चौकटीत, फुटू नये म्हणून चारी बाजूंनी थर्माकोल लावून. नव्या माणसानं पट्टी कात्रीनं कापली, मालकांनी हार घातला, शिपायानं थर्माकोल मागं नेऊन टाकला. मानपत्र स्वागतकक्षात लागलं. मी रोज त्याच्याखालून जायचे. रंजनाची नागमोडी पट्टी अजून चालू होती. तिचं नाव त्यावर नव्हतं, सरांचंही नव्हतं.

पुढं काही वर्षांनी कळलं की सरांना अर्धांगाचा झटका आला. एका रविवारी मी नारळाच्या वड्या केल्या, डबा भरला आणि नंदाखालला गेले. केळीची वाडी, मधून पायवाट, ओसरीवर खुर्चीत सर. उजवा हात मांडीवर मिटून पडलेला. शर्ट तोच, पांढरा. मला बघून ओठांची एक बाजू हसली. मी चप्पल काढत होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, शब्द जड झाले होते पण कळत होते, "सावंतबाई, गाडी मागनं येते काय?"

मला काही उमजेना. त्यांच्या पत्नी, फिलूबाय, आतून आल्या. म्हणाल्या, "कंपनीतलं कुणी आलं की असंच विचारतात. या, तुम्हाला दाखवते. आमचा गोठा होता हा. म्हशी विकल्या तेव्हा मी म्हटलं, आता वापरायला जागा झाली."

त्यांनी गोठ्याचं दार ओढलं. आत अंधार नव्हता. छपरापर्यंत पांढरं होतं. थर्माकोल, आकारानुसार रचलेला, मोठे खाली, लहान वर. प्लास्टिकचे कागद धुऊन, घड्या घालून, सुतळीनं बांधलेले. एका कोपऱ्यात किटलीच्या मुठीचे खळगे असलेले तुकडे, एकावर एक, भिंतीसारखे. फिलूबाय म्हणाल्या, "भंगारवाला थर्माकोल घेत नाय. प्लास्टिक घेतो म्हणाला, तर यांनी त्याला विचारलं, पुढं काय करणार? तो म्हणाला, नाय खपलं तर जाळतो. मग यांनी देऊच दिलं नाय. वाडीत उंदीर झाले, सून बोलते, मी बोलते. हे म्हणतात, दुसऱ्याचा माल आहे, आपण कसा टाकायचा?"

मी ओसरीवर परत आले. सरांनी डावा हात हलवून मला जवळ बोलावलं.

"मालक म्हणाले होते ना," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. कंपनीचा माल आहे. एक तुकडा टाकला नाय मी. पावतीची पण गरज नाय. नुसती गाडी पाठवा म्हणा."

कंपनी त्याच्या आदल्या वर्षीच बंद होऊन मालक सुरतेला गेले होते. मीही तेव्हापासून घरीच होते. हे त्यांना सांगितलं. जितक्या हळू सांगता येईल तितकं हळू सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, उघडले.

"मग याचं पुढं काय?" त्यांनी विचारलं.

फिलूबाय पदरानं तोंड पुसून आत गेल्या. मी निरोप घ्यायला उठले तसे सर आत बघून आपल्या बोलीत काहीतरी ओरडले. मला एवढ्या वर्षांनीही त्यातलं अक्षर कळलं नाही, पण फिलूबाय माझा डबा घेऊन बाहेर आल्या तेव्हा कळलं. डबा धुतलेला होता आणि जड होता. केळीच्या सुक्या पानाचा वास झाकणाबाहेर येत होता.

वाडीच्या टोकाला पोचल्यावर मी वळून हात केला. सरांनी हात केला नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत होते.